काळी टेप गुंडाळण्याआधी

स्विच बंद केला, तरी धूर येतच होता. चावी फिरवून इंजिन बंद केलं, तरी येतच होता. ताम्हिणी घाटात जुलैचा पाऊस, समोर धुक्याची भिंत, मागच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी खोकतेय आणि डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास. बायकोने मुलीला उचलून बाहेर काढलं. मी बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली, तेव्हा कुठे धूर ओसरला. दाराच्या खणात तो पाना नसता तर आमच्या थार गाडीचं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करू शकत नाही.

बंपरवर एलईडी बार बसवून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या मोटार पार्ट्सच्या गल्लीत काम करून घेतलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथे जाणाऱ्यांनी कोणत्याही दुकानात सावध असावं, एवढंच म्हणणं आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आंधळेपणाने गेलो नव्हतो. फ्यूज कुठे लावलाय, हे मी बार बसवणाऱ्या माणसाला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच: "आत सगळं आहे साहेब, टेन्शन घेऊ नका." तोवर बॅटरीपासून बंपरपर्यंत काळी टेप इतकी सुबक गुंडाळून झाली होती, की ती सोडायला लावणं मला उद्धटपणाचं वाटलं. त्या संकोचाची किंमत साडेअकरा हजार रुपये झाली.

रविवारी लालबागला बिल्डिंगखाली गाडी लावून ब्लेडने ती टेप कापली. आत रिले नव्हता. फ्यूज नव्हता. बारसोबत खोक्यात तयार वायरिंग आलं होतं, दोन्ही त्यात होते. ते वापरलंच नव्हतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक वायर थेट काढून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून आत स्विचला आणि तिथून परत बारला नेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण कापलं आणि तांबं बॉडीला टेकलं. शॉर्ट झाला तो बॅटरी आणि स्विचच्या मध्ये. म्हणून स्विच बंद करून उपयोग नव्हता. स्विचपर्यंतची वायर चोवीस तास जिवंत होती, म्हणजे रात्री बिल्डिंगखाली गाडी उभी असतानाही.

सोमवारी जळकी वायर घेऊन दुकानात गेलो. त्या माणसाने ती हातातही घेतली नाही. "पाण्यात घातली असेल गाडी." मग, "बिल आहे का?" बिल त्यानेच दिलं नव्हतं. मग, "दुसऱ्या कोणी हात लावला असेल." शेवटी म्हणाला, नवा बार घ्या, डिस्काउंट देतो. माझी मुलगी त्या गाडीत होती, हे मी त्याला सांगितलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. पैशांचं दुःख ओसरलं, ते पाठ फिरवणं मनातून जात नाही.

सर्व्हिस सेंटरनेही बाहेरचं काम म्हणून वॉरंटी नाकारली. त्यांना मी दोष देत नाही.

आता इतरांसाठी. पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: टेप लावण्याआधी वायर बघायची आणि फोटो काढायचा. कारागीर रागावला तर रागावू दे.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो वायर वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या आधीची प्रत्येक इंच वायर असुरक्षित असते. रिलेच्या 30 नंबरला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला बार, 85 आणि 86 वर स्विच आणि अर्थ. म्हणजे बारचा जड प्रवाह केबिनमध्ये येतच नाही. स्विचचा पुरवठा चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून घ्या, म्हणजे चावी काढली की बार मेला.

स्टिकरवरच्या वॉटवर विश्वास ठेवू नका. माझ्या बारवर 180 वॉट लिहिलं होतं. म्हणजे 12 व्होल्टला 15 अँपिअर यायला हवेत. लॅमिंग्टन रोडवरून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणून लावला, तर जेमतेम 6. दुकानातच मोजून घ्या. खरोखर 15 अँपिअर खेचणारा बार असेल, तर चार मीटर अंतरावर जाऊन-येऊन 1 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्येच दोन व्होल्ट जातात. 4 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट. लोहार चाळीत वायर घेताना एक तार नखाने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. जोड पिळून टेप लावू नका, क्रिम्प करून हीट श्रिंक चढवा. आपल्या खाऱ्या हवेत आणि हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यात टेपचा डिंक एक पावसाळाही टिकत नाही.

धुक्यासाठी बार घेत असाल तर घेऊच नका. पांढरा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. त्या दिवशी ताम्हिणीत मला बार बंद केल्यावर जास्त दिसत होतं. धुक्यात खाली बसवलेले फॉग लॅम्पच कामाचे.

आणि जे मला कोणीच सांगितलं नाही: केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 111 प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट लावता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात, ते तर वेगळंच. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

माझा बार आता वॉटरप्रूफ प्लगवर आहे. ऑफ-रोड ट्रॅकवर गेल्यावर दोन नटांनी बसवतो, निघताना काढून मागे ठेवतो. वायरिंग या वेळी मी स्वतः केलं. त्यावर टेप नाही, पारदर्शक स्लीव्ह आहे. बॉनेट उघडलं की बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, सगळं डोळ्यांना दिसतं.