अडलेली गाय : मूढगर्भविचार आणि आपली मर्यादा

देवणी व लाल कंधारी या गोवंशांच्या लातूर-नांदेड भागात गाय अडली की पशुपालक रात्री-अपरात्री गावच्या वैद्याचे किंवा औषधालयाचे दार ठोठावतो. अशा वेळी काय करावे, त्याहून अधिक काय करू नये, याचा विचार येथे करीत आहोत.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ८व्या अध्यायात मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ हे प्रकार नोंदविले. मात्र विगुण वायूमुळे गर्भ अनेक प्रकारे अडतो, म्हणून चार ही संख्या पुरत नाही, असेही सांगितले. गाईमध्ये याचा प्रत्यय येतो. वासराची स्थिती सरळ असूनही जलशीर्षामुळे डोके किंवा जलोदरामुळे पोट मार्गात मावत नाही. क्वचित दोन डोक्यांचे वासरू असते. कणा उलटा वळून पोट उघडे राहिलेल्या गर्भात तर प्रथम आतडीच बाहेर दिसतात व ती गाईचीच आहेत असा घोटाळा होतो.

कंधार तालुक्यातील एका वाडीवर आम्ही पोहोचलो तेव्हा गाईला दुकानातून आणलेली ऑक्सिटोसिनची दोन इंजेक्शने देऊन झाली होती आणि चौघे कासरा बांधून ओढत होते. वासरू जलशीर्षी होते. मार्गच अडलेला असता कळा वाढवल्याने गर्भाशय फाटले. गाय गेली. डोक्यातील पाणी वेळीच काढले असते तर कदाचित वाचली असती.

पाणी काढणे, मृत गर्भाचे छेदन वा उदरपाटन हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम होय. छेदनासाठी सुश्रुतांनी तीक्ष्णाग्र वृद्धिपत्र टाळून मंडलाग्र सांगितले, ते मातेला इजा होऊ नये म्हणून. आजची छेदनतार नळीतून फिरवतात, तीही गर्भाशय जपण्यासाठीच.

औषधालयमालकांनी चिठ्ठीविना ऑक्सिटोसिन देऊ नये. कळलावीचा कंदही देऊ नये. नावात कळ असली तरी तो विषारी आहे. पाणमोट फुटून दोन तासांत प्रगती दिसली नाही तर ओढणे थांबवून १९६२ या क्रमांकावर कळवावे. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर गाय तेथे न्यावी. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसासही जडतो. म्हणून मृत वासरू व वार उघड्या हातांनी उचलू नयेत, चुना टाकून खोल पुरावेत.