हजेरी मांडणारा रेणू

विषाणू पेशीत शिरला म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. मग आत शत्रू आहे हे मारक लसीकापेशींना कळते कसे? १९७४ साली कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल यांनी दाखविले की, लसीकापेशी परके प्रथिन सुटे ओळखीत नाही. शरीराच्या स्वकीय रेणूच्या संगतीनेच ओळखते. १९८७ साली त्या रेणूची रचना उलगडली. माथ्यावर एक पन्हळ आणि तीत प्रथिनाचा आठ-दहा ॲमिनो आम्लांचा तुकडा!

मनुष्यात हे काम मुख्यत्वे एच.एल.ए. कुळातील ए, बी व सी हे रेणू करतात. त्यांचे हजारो प्रकार आहेत. त्याच कुळातील ई मात्र निराळ्या वळणाचा, म्हणून त्यास रूढेतर म्हणतात. त्याचे प्रमुख प्रकार अवघे दोन, आणि त्यांत भेद एकाच ॲमिनो आम्लाचा.

ई-च्या पन्हळीत बहुधा काय बसते, हे मोठे मौजेचे आहे. नवे प्रथिन घडताना त्यास वाट दाखविणारा अग्रखंड असतो. काम होताच तो छाटला जातो. ए, सी व काही बी रेणूंच्या अशा टाकाऊ खंडातील नऊ ॲमिनो आम्लांचा तुकडा ई उचलतो व पेशीच्या पृष्ठभागावर मांडतो. शाळेतील हजेरीच म्हणा ना! नैसर्गिक मारक पेशी ती वाचते, आणि हजेरी भरलेली दिसली की हात आवरते. ही गोष्ट १९९८ साली स्पष्ट झाली. पेशीवर स्वकीय खूण नसली तर मारक पेशी तिच्यावर तुटून पडते, असे स्वीडनमधील क्लास केरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८६ सालच्या प्रयोगांतून आधीच पुढे आले होते.

सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू लसीकापेशींना चुकविण्यासाठी ए व बी रेणू नष्ट करतो, शिवाय तुकडे वाहून नेणारा मार्गही बंद करतो. मग ई रिकामाच राहावयाचा, आणि मारक पेशी धावून यावयाची. परंतु या लबाडाने तोडही योजली आहे. त्याच्या यू.एल.४० या प्रथिनात तोच नऊ आम्लांचा तुकडा आहे, आणि तो त्या बंद मार्गावाचूनही ई-पर्यंत पोहोचतो. गैरहजरांची खोटी हजेरी लागते! हे २००० साली उघड झाले.

मात्र अग्रखंड माणसागणिक किंचित भिन्न असतात. विषाणूचा तुकडा यजमानाच्या तुकड्याशी जुळला नाही, तर काही व्यक्तींच्या लसीकापेशी ई-वरील तोच तुकडा परका म्हणून हेरतात.

अमेरिकेत माकडांवर या विषाणूचेच एक रूपांतर लस म्हणून वापरले गेले. माकडांतील एड्ससदृश विषाणूचा संसर्ग टोचलेल्यांपैकी सुमारे निम्म्या माकडांनी आटोक्यात आणून पुढे निपटून काढला. त्यांच्या लसीकापेशींपैकी अनेक ई-मार्फत प्रथिनाचे तुकडे ओळखीत होत्या, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ई-चे प्रकार थोडे असल्याने एकच तुकडा पुष्कळांना लागू पडावा, ही त्यामागील आशा होय.