माळावरील गवत आणि चरणारीं जनावरें

सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथें पावसाळी ढग बहुतेक रिते होऊन पोहोंचतात, तेथें महाराष्ट्राचा माळ पसरलेला आहे. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) व सोलापूर हे जिल्हे आणि पुणें व सातारा या जिल्ह्यांचा पूर्वभाग यांत पुष्कळ ठिकाणीं वर्षाकाठीं सुमारें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक जून ते ऑक्टोबर या महिन्यांतच. माळाची जमीन मुरमाड असते. मातीचा थर पातळ असतो. अशा ठिकाणीं गवत हेंच मुख्य वनस्पतिधन होय. मधून मधून हिवर, बाभूळ व बोर दिसतात, परंतु राज्य गवताचेंच. गाई, मेंढ्या व शेळ्या यांचा त्यावर निर्वाह होतो. काळवीट, खोकड, चंडोल व दुर्मिळ झालेला माळढोक यांचेंहि तें घर आहे.

दुष्काळांत माळ उघडा पडला, कीं "जनावरांनीं रान खाऊन टाकलें" असें आपण सहज म्हणतों. या म्हणण्यांत सत्य किती व अपुरेपणा किती, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्रथम गवताची रचना लक्षांत घ्या. एखाद्या झाडाच्या फांदीचा शेंडा खुडला, तर ती फांदी त्या टोंकानें पुढें वाढत नाहीं. कारण तिचा वाढीचा कोंब टोंकाशीं असतो. गवताचें तसें नाहीं. त्याचें पातें बुडाकडून वाढतें, आणि नवे फुटवे देणारे डोळे जमिनीलगत असतात. म्हणून गाईनें वरचा भाग खाल्ला, तरी तेंच पातें खालून पुनः वर सरकतें. चरणाऱ्या प्राण्यांच्या सहवासांत गवत लक्षावधि वर्षें वाढलें आहे. दांतांचा घाव सोसण्याची शक्ति त्याच्या अंगीं आहे.

परंतु या शक्तीलाहि मर्यादा आहे. हिरवें पान हें वनस्पतीचें स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाशाच्या साह्यानें पानांत जें अन्न तयार होतें, त्यावरच मुळें पोसतात, आणि त्याचा कांहीं अंश खोडाच्या बुडाशीं सांठविला जातो. पान गेलें म्हणजे नव्या पात्यासाठीं हा सांठा खर्चावा लागतो. अमेरिकेंतील क्रायडर या शास्त्रज्ञानें १९५५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळून आलें, कीं गवताचा निम्म्यापर्यंत पाला कापला असतां मुळांच्या वाढींत फारसा खंड पडत नाहीं. परंतु निम्म्याहून अधिक पाला गेला, कीं मुळांची वाढ झपाट्यानें थांबूं लागते. आठवड्यामागून आठवडे तेंच गवत पुनः पुनः ओरबाडलें गेलें, तर मूळ आंखूड होतें. आणि आंखूड मुळाला पावसाच्या उघडीपींत खोलवरची ओल मिळत नाहीं. मग जें गवत वाळतें तें ऊन लागून वाळलें असें आपणांस वाटतें. वस्तुतः त्याचें बळ आधींच गेलेलें असतें.

दुसरी गोष्ट अशी, कीं जनावर सरसकट चरत नाहीं, निवडून चरतें. गाय जिभेनें गवताचा झुबका ओढून घेते. मेंढीचा वरचा ओंठ दुभंगलेला असल्यामुळें ती अगदीं जमिनीलगत कुरतडूं शकते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा पाला खाते. प्रत्येकाची आवड निराळी, परंतु गोड व कोंवळें तें प्रथम, हा नियम सर्वांचा. यावरून डिकस्टरह्यूस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४९ मध्यें कुरणांतील वनस्पतींचे तीन वर्ग केले: अति चराईनें घटणाऱ्या, प्रथम वाढणाऱ्या, आणि शेवटीं बाहेरून घुसणाऱ्या.

आपल्या माळावर हे वर्ग ओळखतां येतात. दाबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ मध्यें भारतांतील गवताळ प्रदेशांचे पांच मुख्य प्रकार वर्णिले. त्यांपैकीं दख्खनच्या प्रकाराला नांव मिळालें तें पवन्या व मारवेल यांच्या कुळांवरून. हीं गवतें बहुवर्षायु, रसाळ व पौष्टिक आहेत. म्हणून तींच प्रथम खाल्लीं जातात व तींच प्रथम घटतात. त्यांची जागा कुसळी गवत घेतें. तें कोंवळें असतां जनावरें खातात, परंतु निसवल्यावर त्याचीं टोंकदार बीजें तोंडाला टोंचतात. भार आणखी वाढला, कीं एका पावसांत उगवून वाळून जाणारीं, तीन तीन कुसळांचीं हलकीं गवतें येतात. म्हणींतलें कुसळ डोळ्यांत सलतें. हें कुसळ मेंढीच्या लोंकरींत व कातडींत सलतें. शेवटीं तरवड, टाकळा अशीं जनावरांनीं न खाण्याचीं झुडपें माजतात. म्हणजे लांबून माळ हिरवा दिसतो, परंतु दावणीला उपयोगाचें त्यांत थोडेंच असतें. हिरवेपणा आणि समृद्धि या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें येथें ध्यानांत ठेवावें.

याबरोबर मातीचीहि हानि होते. बहुवर्षायु गवताचा बुंधा पावसाच्या थेंबाचा मार झेलतो व वाहतें पाणी अडवितो. बुंधे विरळ झाले, आणि ओल्या जमिनीवर सतत खूर पडून ती दडपली, कीं पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें, व वीतभर मातींतली सुपीक माती ओढ्याला जाते. मग पाऊस तितकाच पडूनहि माळ अधिक कोरडा होतो.

एवढ्यावरून मेंढपाळास दोषी ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. धनगरांचे पुष्कळ कळप दिवाळीनंतर माळ सोडून दूरच्या वाटेला लागतात. कांहीं घाट उतरून कोंकणांत जातात. वाटेंत शेतकरी त्यांस आपल्या रिकाम्या शेतांत बसवून घेतात. शेताला लेंडीखत मिळतें, मेंढपाळाला धान्य मिळतें. कोंकणचा मुसळधार पाऊस मेंढ्यांस मानवत नाहीं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडीं ते परततात. या फिरतीनें हिवाळ्या-उन्हाळ्यांत माळाचा भार हलका होतो. पावसाळ्यांतहि, माळ विस्तीर्ण असतां, कळप आज येथें तर उद्यां तेथें जाई. पुढें माळ नांगराखालीं गेला, कांहीं ठिकाणीं कारखाने आले, कांहीं ठिकाणीं "पडीक" म्हणून कुंपण घालून झाडें लावलीं गेलीं. उरलेल्या तुकड्यावर भार वाढला, आणि गवताचा विसावा हरपला.

मग उपाय कोणता? आपल्या पूर्वजांस तो ठाऊक होता. मराठेशाहींत घोडदळाच्या वैरणीसाठीं कुरणें राखीत असत. "कुरण" या शब्दांतच राखण्याचा भाव आहे. अलीकडील उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवाचें. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, डोंगरउतारावर चर खणून पाणी अडविलें, आणि गवत विळ्यानें कापून घरीं नेण्याची रीत घातली. चारा वाढला, तसें दूधहि वाढलें. चराईबंदी म्हणजे जनावरांची बंदी नव्हे, हें या गांवानें दाखविलें.

तथापि बंदी हा सर्वत्र लागू पडणारा मंत्र नाहीं. जें गवत कधींच चरलें वा कापलें जात नाहीं, त्याचा वाळका काड सांचून नव्या फुटव्यांवर सांवली धरतो. शिवाय ज्याला शेत नाहीं, केवळ चार शेळ्या आहेत, त्याच्यासाठीं माळ बंद करणें म्हणजे चूल बंद करणें होय. म्हणून माळाचे भाग पाडून पाळीपाळीनें चारावे. एक भाग पहिल्या पावसापासून गवताचें बीं पडेपर्यंत राखावा, व पुढील वर्षीं दुसरा.

विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. मालकाच्या संमतीनें माळावर एक एक मीटरचे दोन चौकोन आंखा. एकाभोंवतीं बाभळीच्या काट्यांचें कुंपण करा, दुसरा मोकळा ठेवा. दर पंधरवड्यास गवताची उंची व जातींची संख्या वहींत टिपा. दसऱ्यास दोन्हींतील गवत कापून, वाळवून तोला. तें टिपण पालकांस दाखवा. कोणता भाग राखावा व कोणाच्या जनावरांनीं कोठें चरावें, याचा निर्णय गांवांतील वडील मंडळींनीं एकत्र बसून, मेंढपाळास व भूमिहीनासहि बोलावून, पाऊस पडण्यापूर्वींच घेतला पाहिजे. गवत चरल्यानें मरत नाहीं. विसावा न मिळाल्यानें मरतें.