घाट, गर्दी आणि पत्करलेला धोका

चि. ओंकार,



घोडेगाव-जुन्नरच्या कोर्टांत वकिली करायची म्हणजे आज ना उद्या एखाद्या यात्रा समितीचे वकीलपत्र तुझ्याकडे येणारच. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्याखाली सापडलेल्या माणसाने भरपाई मागितली, की समिती म्हणेल, ‘धोका ठाऊक असूनच तो घाटात आला होता.’ या बचावावर लगेच भिस्त ठेवू नकोस. धोका माहीत असणे वेगळे आणि तो राजीखुशीने पत्करणे वेगळे. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात हे एका कामगाराला ठाऊक होते, तरी १८९१ साली स्मिथ विरुद्ध बेकर खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्याच बाजूने निकाल दिला. थापलिंगसारख्या यात्रेत बारी, म्हणजे गाड्याची धाव, बघणारा माणूस शर्यतीचा अंगभूत धोका पत्करतो. कठडा न घालण्याचा किंवा गर्दी धावपट्टीत घुसू देण्याचा हलगर्जीपणा पत्करत नाही.

समोरचा वकील वूलड्रिज विरुद्ध समनरचा दाखला देईल. १९६२ च्या त्या निकालात घोड्यामुळे जखमी झालेल्या छायाचित्रकाराला स्वाराकडून भरपाई मिळाली नाही. पण तिथे प्रश्न स्पर्धेच्या भरात क्षणात झालेल्या चुकीचा होता. गाडामालकाला तो आधार मिळू शकेल. चार दिवस आधी शांत डोक्याने घाट आखणाऱ्या समितीला कसा मिळेल? बघ्यानेच कठडा ओलांडला असेल, तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी व्हावी असे जरूर मांड. पण उधळलेल्या बैलांपुढून पोर ओढायला कोणी धावला, तर त्याने धोका पत्करला असे म्हणूच नकोस. हेन्स विरुद्ध हारवुड खटल्यात उधळलेले घोडे आवरणाऱ्या पोलिसाविरुद्ध हा बचाव टिकला नाही.

गावकरी म्हणतील, ‘आम्ही बिनपगारी राबतो, एवढा बोजा टाकला तर यात्राच बंद पडेल.’ त्यांचे कष्ट खरे आहेत. पण शर्यतींवरच्या २०१४ च्या बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तो शर्यती नियमांत बसवल्या म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आपल्या नावावर घेणाऱ्याला जबाबदारी बघ्याच्या नावावर टाकता येत नाही. म्हणून ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ असा फलक लिहून देण्याआधी समितीला भक्कम कठडे, रुग्णवाहिका आणि विमा यांचा खर्च धरायला लाव. तो सल्ला पटला, तर तुझे काम कोर्टाबाहेरच झाले.

तुझा,
काका