रात्री रेडिओवर लांबची स्टेशनं का लागतात, आणि बोटीवर त्यातलं कशावर विसंबायचं



३१ जुलैला बंदी संपली की बोटींवर जाळी, बर्फ, डिझेल चढतं. त्याच गडबडीत खलाशांच्या पिशवीतून एखादा छोटा ट्रान्झिस्टरही चढतो. मोबाईलची रेंज किनारा सोडल्यावर काही मैलांत जाते. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे किनारा क्षितिजाखाली गेला की तेही हळूहळू सुटतं. शेवटी राहतं ते मीडियम वेव्ह, म्हणजे मध्यम लहरी.

या मीडियम वेव्हबद्दल सोसायटीत नेहमी एक प्रश्न येतो. दिवसा पणजी स्टेशन स्वच्छ लागतं, पण अंधार पडला की त्याच्या आजूबाजूला अरबी, फारसी, सिंहली, उर्दू असं काहीबाही ऐकू येतं आणि आपलं स्टेशन वर-खाली होतं. रेडिओ बिघडला का? रेडिओ अगदी ठीक आहे. हे असं का होतं ते आज समजून घेऊ. बोटीवर ते माहीत असलं तर उपयोग होतो आणि माहीत नसलं तर घात होऊ शकतो.

१) दिवसाची वाट पाण्यावरून

मीडियम वेव्ह म्हणजे आपल्याकडे साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. पणजी १२८७ वर, रत्नागिरी ११४३ वर, मुंबई ५५८ आणि १०४४ वर, धारवाड ७६५ वर अशी आकाशवाणीची नेमून दिलेली जागा. अलीकडे देशात बरीच मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद झाली आहेत, म्हणून निघण्यापूर्वी जेट्टीवरच लावून बघा.

दिवसा ही लहर जमिनीला किंवा पाण्याला धरून चालते. कोरडी जमीन, डोंगर, कातळ तिची ताकद खातात. खारं पाणी मात्र वीज उत्तम वाहून नेतं, त्यामुळे समुद्रावर ती फार कमी थकते. जे स्टेशन घाटामागच्या गावात खरखरतं, तेच तितक्याच अंतरावर भर समुद्रात स्वच्छ लागतं ते यामुळेच. आकडा जितका लहान तितकी लहर लांब, आणि ती पाण्यावरून जास्त दूर जाते.

जहाजांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. संकटात हाक मारायला ५०० किलोहर्ट्झ ही जागा कित्येक दशकं राखून ठेवली होती. आज मोठ्या जहाजांना हवामान आणि धोक्याचे इशारे छापील अक्षरांत देणारी नॅवटेक्स सेवा ५१८ किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे आपल्या रेडिओच्या पट्टीच्या जरा खाली. तिचं एक केंद्र आपल्या शेजारी वेंगुर्ल्याला आहे.

२) रात्रीची वाट आभाळातून

१९०२ च्या फेब्रुवारीत मार्कोनी ‘फिलाडेल्फिया’ नावाच्या जहाजावरून इंग्लंडहून अमेरिकेला निघाला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून सुटणारे संदेश किती दूरपर्यंत मिळतात हे तो रोज टिपत होता. दिवसा ते सुमारे ७०० मैलांपर्यंतच मिळाले. रात्री मात्र कागदाच्या पट्टीवर पूर्ण संदेश १५५० मैलांवर उमटले आणि नुसता ‘एस’ अक्षराचा ठोका २००० मैलांच्या पलीकडेही ऐकू आला. तेच जहाज, तेच यंत्र, फरक फक्त दिवस-रात्रीचा.

त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी वेगवेगळा विचार करून एकच गोष्ट सुचवली. आभाळात फार उंचावर वीजभारित हवेचा थर असावा आणि तो लहरींना खाली परतवत असावा. पुढे डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्राच्या लहरी ऑक्सफर्डला पकडून तो थर खरोखर असल्याचं दाखवून दिलं. ॲपलटनला १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्या देशात कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रांनी याच थरांवर मोठं काम केलं.

मराठीत याला आयनांबर म्हणतात. त्याचे थर एकावर एक असतात. सर्वांत खालचा थर साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर. तो उन्हाने तयार होतो आणि वर जाणारी मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थोड्याच वेळात विरतो. मग लहर त्यातून आरपार जाते, वरच्या थरावर आपटते आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब खाली उतरते. वरचा थर रात्रभर टिकून असतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर रात्री आखाती देश, इराण, पाकिस्तान, श्रीलंका लागतात.

आता आपलं स्टेशन वर-खाली का होतं ते बघा. किनाऱ्यापासून शे-दीडशे किलोमीटरवर रात्री एकाच स्टेशनची लहर दोन वाटांनी येते, एक पाण्यावरून आणि एक आभाळातून. दोन्ही जुळल्या की आवाज वाढतो, एकमेकींच्या आड आल्या की आवाज बसतो, फाटतो. वरचा थर सारखा हलत असतो म्हणून हे रात्रभर चालतं. रेडिओ आपटून उपयोग नाही.

३) लांबचं स्टेशन पकडायचं कसं

जगात हा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत. रात्र-रात्र जागून दूरची स्टेशनं शोधतात, वहीत टिपतात, केंद्राला पत्र पाठवून पोचकार्ड मिळवतात. आपल्या पोरांनी बंदीच्या किंवा मोकळ्या रात्री करून बघण्यासारखं आहे.

• वर ओढायची दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या आत आडवा असतो, तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी. म्हणून दांडी लांब करून काही होत नाही, रेडिओ फिरवावा लागतो.
• चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर, फिश फाइंडर बंद करून बघा. निम्मी घरघर तिथेच जाते.
• लोखंडी केबिनमध्ये लहर शिरत नाही. बाहेर डेकवर या.
• आपल्या भागात दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं आणि प्रत्येक आकड्याला ९ ने भाग जातो. १२८७ चे अंक मिळवा : १ + २ + ८ + ७ = १८. ५५८ चेही १८. आकड्यांची बेरीज ९ च्या पाढ्यात बसत नसेल तर तुम्ही स्टेशनच्या बाजूला आहात. अमेरिकेत हे अंतर १० चं आहे. बाहेरून आणलेला डिजिटल रेडिओ १० च्या उड्या मारत असेल तर त्याची सेटिंग ९ वर करा.
• सर्वांत चांगला मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री मोठ्या आणि गडगडाट कमी. सूर्य मावळतानाची आणि उगवण्यापूर्वीची वेळ खास.
• वहीत तारीख, वेळ, आकडा, भाषा, काय ऐकलं ते लिहा.

४) रेडिओ दिशा दाखवतो, पण दिवसाच

आतली कांडी बहुतेक सेटमध्ये लांबीच्या बाजूने बसवलेली असते. रेडिओची रुंद बाजू स्टेशनकडे असली की आवाज मोठा येतो. टोक स्टेशनकडे वळलं की आवाज एकदम बसतो. जीपीएस बंद पडला आणि धुकं किंवा पाऊस असला तर याचा उपयोग करता येतो.

ओळखीचं स्टेशन लावा. रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवा. आवाज जिथे सर्वांत कमी होतो तिथे थांबा. मोठ्या आवाजाची जागा नेमकी कळत नाही, कमी आवाजाची कळते. आता स्टेशन रेडिओच्या एका टोकाच्या रेषेत आहे. दोन टोकांपैकी कुठलं ते रेडिओ सांगत नाही. आपला किनारा पूर्वेला आहे हे होकायंत्रावरून आपल्याला माहीत असतं, त्यावरून ठरवायचं. अंतर यातून कळत नाही, फक्त दिशा कळते. लोखंडी मास्ट, तारा, इंजिन यांच्यापासून लांब उभं राहून करा, नाहीतर दिशा फसते.

रात्री मात्र हे करू नका. आभाळातून उतरलेली लहर तिरकी, फिरलेली येते आणि आवाज बसण्याची जागा सरकत राहते. जुन्या जहाजांवर दिशा शोधणारी रेडिओ यंत्रं होती, त्यांनाही रात्री हाच त्रास होता. ऐन सूर्यास्त आणि सूर्योदयाला चूक सर्वांत मोठी. म्हणजे ज्या वेळी लांबची स्टेशनं सर्वांत छान लागतात, त्याच वेळी दिशा सर्वांत खोटी असते.

जेट्टीवर उभं राहून भर दिवसा दोन-चार वेळा सराव करा. स्टेशन कुठे आहे ते माहीत असताना हात बसतो.

५) इशारा कुठल्या किनाऱ्याचा?

ही गोष्ट प्रत्येक तांडेलाने आपल्या खलाशांना सांगावी. रात्री रेडिओवर “समुद्र शांत राहील” असं ऐकू आलं, तर ते आपल्या किनाऱ्याचंच असेल असं नाही. हिंदीत बोलणारं केंद्र गुजरातचं असू शकतं, कोकणी-मराठी कानावर आली तरी ती रत्नागिरीची आहे की पणजीची हे बघायला हवं. उलट सहाशे किलोमीटरवरच्या वादळाचा इशारा आपला समजून कोणी जाळं कापून धावत सुटेल. म्हणून बातमी ऐकली की आधी केंद्राचं नाव ऐका. नाव कळलं नाही तर तासाच्या ठोक्याला पुन्हा लावा, तेव्हा बहुधा नाव सांगतात. नाव आणि आकडा जुळल्यावरच ती आपली बातमी.

नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी ओखी वादळ आलं, ते आपल्यातले बरेच जण विसरले नसतील. केरळ-तामिळनाडूचे जे मच्छीमार आधीच दूर समुद्रात होते, त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. कित्येक घरांतली माणसं परत आली नाहीत. त्यांच्या बऱ्याच बोटी जीव वाचवत वर देवगड बंदरापर्यंत आल्या. किनाऱ्यावर माहिती असणं आणि ती बोटीवर पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा रेडिओ टॉवर मागत नाही, रिचार्ज मागत नाही, दोन सेलवर चालतो. तो व्हीएचएफची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यावरून आपल्याला बोलता येत नाही. हाक मारायला व्हीएचएफचं १६ नंबर चॅनेल आणि रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. पण ऐकायला तो चांगला सोबती आहे.

६) कडकडीकडेही कान द्या

वीज चमकली की ती मीडियम वेव्हवर ‘कडाक्’ असा आवाज करते. पट्टीच्या खालच्या टोकाला, ५३१ च्या बाजूला, जिथे स्टेशन नाही तिथे लावून ठेवा. दिवसा हा कडकडाट वाढत चालला, दोन आवाजांमधलं अंतर कमी होत गेलं, तर गडगडाटी ढग जवळ येत असण्याचा संभव मोठा. एप्रिल-मे मध्ये आणि परतीच्या पावसात हे विशेष बघा. रात्री मात्र लांबच्या विजाही आभाळातून ऐकू येतात, म्हणून तेव्हा एवढ्यावरून ठरवू नका, आभाळही बघा.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते असं : दिवसाचा आवाज पाण्यावरून येतो, तो जवळचा असतो आणि त्याची दिशा खरी असते. रात्रीचा आवाज आभाळातून येतो. तो मजेत ऐका, वहीत लिहा, पण त्याच्या दिशेने बोट हाकू नका आणि केंद्राचं नाव कळल्याशिवाय त्यातल्या हवामानावर निर्णय घेऊ नका.

ज्यांच्या बोटीवर रेडिओ नाही त्यांनी या खेपेआधी एक घ्या, सोबत सेलची जादा जोडी कोरड्या डब्यात ठेवा. आणि समुद्रातून कोणी रात्री कुठलं लांबचं स्टेशन पकडलंत, किनाऱ्यापासून किती मैलांवर पणजी किती वाजेपर्यंत स्वच्छ लागलं, ते ऑफिसात येऊन सांगा. सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या तर आपल्याच पाण्याचा तक्ता तयार होईल, आणि तो नव्या खलाशांच्या कामी येईल.

— सचिव