लाकडी कपाटाचे सांधे : निवड आणि पारख

शाळेचे जनरल रजिस्टर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या हे गावाचे मोलाचे दप्तर होय. एखाद्याच्या जन्मतारखेचा वाद चाळीस वर्षांनीही त्यातील एका पानावर मिटतो. हे दप्तर ज्या कपाटात राहते, ते करवून घेताना मात्र लाकूड सागवानी आहे काय आणि पॉलिश कसे आहे, एवढेच बहुधा पाहिले जाते. सांध्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वास्तविक कपाट किती वर्षे टिकेल हे तेच ठरवितात.

झाड तोडल्यानंतरही लाकूड हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. ओलाव्याने ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ पडत नाही. पडतो तो रुंदीत. साग हे तुलनेने स्थिर लाकूड मानले जाते. तथापि ओलाव्याचे प्रमाण ६ टक्क्यांनी वाढल्यास सागाची ३० सें.मी. रुंद फळीसुद्धा, ती कशी कापली आहे त्यानुसार, ३ मि.मी.पर्यंत फुगू शकते. कोकणात वैशाखात सहज फिरणारे दार आषाढात अडते ते यामुळेच. ही हालचाल खिळ्यांनी वा सरसाने रोखता येत नाही. रोखू गेल्यास फळी तडकते. सांधा निवडावयाचा तो तिला वाट ठेवून.

दाराचे उदाहरण घेऊ. रुंद सलग फळीचे दार पिळते, म्हणून अरुंद पट्ट्यांची चौकट करून तिच्या खोबणीत पॅनेल बसवितात. पॅनेलला सरस लावू नये. खोबणीत दोन्ही बाजूंस थोडी जागा सोडावी, म्हणजे ते आतल्या आत फुगेल आणि चौकटीचे माप बदलणार नाही. चौकटीचे कोपरे कुसवाच्या सांध्याने जोडावेत. आडव्या पट्टीच्या टोकास काढलेले कुसू उभ्या पट्टीतील भोकात घट्ट बसते. कुसवाची जाडी पट्टीच्या सुमारे एक-तृतीयांश असावी. याहून जाड केल्यास भोकाच्या भिंती दुबळ्या होतात. दाराचा सारा भार बिजागरीकडील कोपऱ्यांवर येत असल्याने येथे केवळ खिळ्यांवर विसंबणे योग्य नव्हे. यंत्रावर झटपट होणारा लाकडी खुंट्यांचा सांधा हलक्या कपाटास पुरतो, जड दारास नाही.

कपाटाच्या पेटीची गोष्ट निराळी. बाजूच्या, वरच्या, खालच्या आणि मधल्या अशा सर्व फळ्यांची रुंदी पुढून मागे असते. त्या एकाच दिशेने फुगतात, म्हणून त्यांना एकमेकींत पक्के जोडण्यास हरकत नाही. दप्तराचे ओझे पेलणाऱ्या मधल्या फळ्या बाजूच्या फळ्यांत आडव्या खाचा घेऊन बसवाव्यात. कोपऱ्यांस डव्हटेल, म्हणजे पक्ष्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते असलेला सांधा, उत्तम. त्यास वेळ व मजुरी अधिक लागते आणि कित्येकदा तो केवळ कौशल्य दाखविण्यासाठी केला जातो. त्याची खरी गरज असते ड्रॉवरला, कारण ड्रॉवर नेहमी पुढूनच ओढला जातो आणि दात्यांच्या आकारामुळे पुढची फळी निसटत नाही.

सर्वांत अधिक नुकसान करते ती आडवी पट्टी. रुंद फळीवर आडवी पट्टी दोन्ही टोकांस खिळून टाकली की फळी फुगते आणि पट्टी तिला सोडत नाही. पट्टी आवश्यकच असेल तर मधला स्क्रू पक्का करावा आणि टोकांकडील स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोके पाडावीत. पाठीच्या फळ्याही अरुंद, एकीची कडा दुसरीच्या खोबणीत मोकळी बसेल अशा असाव्यात.

काम सोपविताना सांध्यांचा प्रकार करारात नमूद करावा आणि पॉलिशपूर्वी, सांधे उघडे असताना, पाहणी करावी. पॉलिश आतूनही द्यावे. एकाच अंगास दिल्यास दोन्ही अंगे ओलावा सारखा घेत नाहीत आणि फळी वाकते. पॅनेलला मात्र ते चौकटीत बसविण्यापूर्वीच पॉलिश करवून घ्यावे, अन्यथा उन्हाळ्यात ते आकसले की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.