हिशेब येतो, मग अर्थशास्त्र कशाला?

प्रश्न : मी बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. हिशेबशास्त्र आणि मार्केटिंग हे विषय मला आवडतात, कारण धंद्यात त्यांचा उपयोग दिसतो. पण व्यावसायिक अर्थशास्त्रात मागणीचे वक्र, खर्चाचे वक्र आणि ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही वाक्यं पाठ करण्यापलीकडे काही हाती लागत नाही. माझे वडील खर्चीवाले यंत्रमागधारक आहेत. व्यापाऱ्याकडून सुताची बिमं घ्यायची, मजुरीवर कापड विणून द्यायचं, असा आमचा आठ मागांचा धंदा आहे. बाबा अर्थशास्त्र शिकलेले नाहीत, तरी धंदा चालतोच आहे. मग धंद्याची पदवी घेणाऱ्याला हा विषय सक्तीचा का? आणि पुढे मायनर म्हणून तो घ्यावा का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : हिशेबशास्त्र झालेल्या व्यवहारांची चोख नोंद ठेवतं. पण धंदा करणाऱ्याला रोज निर्णय घ्यावे लागतात ते अजून न झालेल्या व्यवहारांबद्दल. माग चालू ठेवायचे की थांबवायचे, कर्ज काढून नवे आणायचे की आहेत त्यांवरच भागवायचं, शेड स्वतः वापरायची की भाड्याने द्यायची, या प्रश्नांची उत्तरं वहीत आयती मिळत नाहीत. ती शोधायची रीत अर्थशास्त्र शिकवतं, म्हणून ते तुझ्या अभ्यासक्रमात आहे. तुझ्या घरच्या शेडमध्येच हे तपासून पाहू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. बाबांना विचारून त्या जागी खरे आकडे घाल.

समजा, महिन्याला दहा हजार मीटर कापड निघतं आणि मजुरी मीटरला पाच रुपये मिळते. म्हणजे पन्नास हजार आले. कामगारांचा पगार, वीज, तेलपाणी, सुटे भाग असा माग चालला तरच होणारा खर्च मीटरला चार रुपये वीस पैसे, म्हणजे बेचाळीस हजार. कर्जाचं व्याज, घरपट्टी, विमा हा माग बंद असले तरी न चुकणारा खर्च तेरा हजार. एकूण खर्च पंचावन्न हजार, तोटा पाच हजार. वही पाहून कुणीही म्हणेल की तोट्यात माग कशाला चालवता? पण माग थांबवले तर तेरा हजार खिशातून जातात, चालवले तर पाचच हजार. तेव्हा चालवणंच शहाणपणाचं. उद्या मजुरी चार रुपयांवर घसरली तर मात्र चालवून पंधरा हजार जातील आणि थांबवून तेरा. मग थांबलेलं बरं.

ही सीमारेषा चार रुपये वीस पैशांवर आहे. पुस्तकात ‘सरासरी बदलत्या खर्चाच्या’ वक्राखाली किंमत गेली की उत्पादन बंद करावं असं जे लिहिलेलं असतं, ते हेच. स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद तुझ्या घरच्या वीजबिलावरही छापलेला असतो : ‘स्थिर आकार’ एका ओळीत, ‘वीज आकार’ दुसऱ्या ओळीत. दिवा न लावताही पहिला भरावाच लागतो.

यातलीच पुढची पायरी दीर्घकाळाची. जुने माग मोडीत काढून नवे घ्यायची वेळ येते, तेव्हा आजवर न चुकणारा वाटलेला खर्च पुन्हा आपल्या हातात येतो. तो करायचा की नाही, हे तेव्हा ठरवता येतं. म्हणून पाच रुपये मजुरीत माग ‘चालवणं’ बरोबर असलं, तरी त्याच मजुरीच्या भरवशावर नवे माग ‘घेणं’ चूक ठरेल. एकाच भावाला दोन निर्णय वेगळे येतात आणि त्यांची गल्लत झाली की चांगले धंदे कर्जात बुडतात.

आता चांगला महिना घेऊ. मजुरी साडेसात रुपये, बाकी खर्च तेवढाच. पंच्याहत्तर हजारांतून पंचावन्न हजार गेले, नफा वीस हजार. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने काम इथे संपलं. अर्थशास्त्र मात्र आणखी दोन गोष्टी विचारतं. बाबा दिवसभर शेडमध्ये राबतात. तेच दुसऱ्या कारखान्यात मागांची देखभाल करणारे जॉबर म्हणून गेले असते तर काय मिळालं असतं? समजा, अठरा हजार. आणि ही शेड भाड्याने दिली असती तर? समजा, आठ हजार. म्हणजे सव्वीस हजारांची मिळकत सोडून वीस हजार मिळवले. यालाच संधी खर्च म्हणतात. त्याची पावती मिळत नाही, म्हणून तो वहीत चढत नाही. घरच्या माणसांचे कष्ट आणि घरची जागा फुकट धरल्यामुळे ‘धंदा बरा चाललाय’ असं वाटणारी कितीतरी दुकानं, डेअऱ्या, खानावळी आपल्या आसपास आहेत. याचा अर्थ बाबांनी माग विकावेत असा नाही. स्वतःचा धंदा, स्वतःचा शब्द, याला माणूस मोल देतो आणि ते द्यायलाही हवं. पण त्यासाठी महिन्याला सहा हजार मोजतोय हे माहीत असावं, एवढंच अर्थशास्त्राचं म्हणणं.

‘पूर्ण स्पर्धा’ हा धडा विद्यार्थ्यांना सगळ्यात खोटा वाटतो. असंख्य विक्रेते, एकसारखा माल, भाव कुणाच्याच हातात नाही, असा बाजार असतो तरी कुठे? तुझ्या गावात त्याच्या अगदी जवळचं उदाहरण आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यानंतर गल्लोगल्ली माग उभे राहिले आणि साधं कोरं कापड विणणारे इतके झाले की एकाचं कापड दुसऱ्याच्या कापडापासून ओळखू येत नाही. मग मजुरीचा दर ज्याला त्याला बाजारातून घ्यावा लागतो. शिवाय मोठं कर्ज काढून एअरजेट माग बसवणाऱ्याचा स्थिर खर्च जबर असतो. मंदीतही तो वर सांगितलेल्या गणितानेच माग थांबवत नाही, कापड येतच राहतं आणि दर आणखी दबतो. सगळे आपापल्या परीने शहाणपणाने वागत असूनही सगळ्यांचंच नुकसान का होतं, हे या एका धड्यातून कळतं. यातून सुटायचं तर माल वेगळा हवा, हेही त्यातच आहे. तुला आवडणारं मार्केटिंग इथून सुरू होतं.

आणखी एक प्रश्न घरात विचारून बघ : व्यापारी सूत देतो, कापड नेतो, मग स्वतःचेच माग का घालत नाही? असाच प्रश्न विशीतल्या एका बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला पडला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणारे रोनाल्ड कोस १९३१-३२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि तिथले कारखाने पाहत हिंडले. बाजारभावाने सगळे व्यवहार जुळतात असं असेल, तर कंपन्या मुळात असतातच कशाला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांचं उत्तर असं : बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, दर ठरवा, माल तपासा, वाद मिटवा. हा खर्च फार झाला की ते काम कंपनी स्वतःकडे घेते. कमी असला की बाहेर देते. ‘द नेचर ऑफ द फर्म’ या नावाने हा लेख १९३७ मध्ये छापून आला आणि १९९१ मध्ये कोस यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आता तुमच्या व्यापाऱ्याकडे बघ. कोऱ्या कापडाचा दर ठरवणं आणि माल तपासणं सोपं, आणि मंदीत थांबलेल्या मागाचा बोजा मात्र खर्चीवाल्यावर. मग त्याने स्वतःची शेड का बांधावी?

पुढच्या सत्रांत स्थूल अर्थशास्त्र येईल. तेही शेडच्या बाहेरचं समजू नकोस. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने ४ टक्क्यांवरचा रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर नेला. एक कोटीचं कॅश क्रेडिट वापरणाऱ्या व्यापाऱ्याला अडीच टक्के व्याजवाढ म्हणजे वर्षाला अडीच लाख. सूत महाग, त्यात पैसाही महाग, अशा वेळी व्यापारी साठा आखडतो आणि बिमं कमी देतो. मुंबईत पतधोरण समितीचे सहा सदस्य जे ठरवतात, ते याच वाटेने तुमच्या आठ मागांपर्यंत पोचतं.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राची ही जोडी नवी नाही. मुंबईचं सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये वाणिज्य शिक्षणासाठी सुरू झालं आणि १९१८ मध्ये तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलनाच्या धोरणाचा भार शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतो, हे त्यांनी आकडेवारी मांडून तपासलं. धंद्याचं शिक्षण घेणाऱ्यांसमोर असे शिक्षक उभे राहिले आहेत, याचं मोल आपण ओळखायला हवं.

तुझी तक्रार मात्र रास्त आहे. आकृत्या पाठ करून हा विषय येत नाही, आणि अनेक ठिकाणी तो तसाच शिकवला जातो. त्यावर तुझ्या हातात असलेला उपाय सांगतो. प्रत्येक धड्यातली आकृती बाबांच्या आकड्यांनी स्वतः काढ. मागणीची लवचिकता आली की शेजारच्या चहावाल्याने दर वाढवल्यावर त्याची विक्री किती घटली ते विचार. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी जाहीर होतं. ते वाचून सूत व्यापाऱ्यांवर काय परिणाम होईल याचा अंदाज लिहून ठेव आणि पुढच्या वेळी पडताळून पाहा. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या वाक्यालाही कंटाळू नकोस. कापडात दोष आला की जॉबर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. सगळं एकदम हलवलं तर दोष कशाने गेला हे कळणार नाही. अर्थशास्त्रही तसंच एकेक कारण सुटं करून पाहतं.

या विषयाने ग्राहकाशी बोलणं, उधारी वसूल करणं, कामगाराचा विश्वास मिळवणं येत नाही. ते बाबांकडूनच शिक. पण त्यांच्या अनुभवातला कोणता ठोकताळा आजही लागू आहे आणि कोणता परिस्थिती बदलल्यामुळे निकामी झाला, हे पारखायला अर्थशास्त्र लागतं.

मायनरचं विचारलंस, तर घे. मात्र सोबत संख्याशास्त्र पक्कं कर, कारण पुढे सगळा भर आकडेवारीवर असतो. बँक, बाजार संशोधन, सरकारी सेवा, पदव्युत्तर अर्थशास्त्र या वाटा त्याने खुल्या राहतात. आणि घरच्याच धंद्यात उतरायचं ठरवलंस, तर मजुरीचे दर ठरवायच्या बैठकीत आपल्या मीटरमागच्या खर्चाचा आकडा मांडून बोलता येईल. छोट्या यंत्रमागधारकाला आज याचीच सर्वांत जास्त गरज आहे.